मंगळवारी चौघांना नारळ द्यायचाय, तोही इंग्रजीत

खाडीकाठचा · शुक्रवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर आजवर पाण्याच्या वेळा आणि माजिवड्याचं ट्रॅफिक यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. आज झोप येत नाहीये म्हणून लिहितोय.

ऐरोलीच्या एका आयटी पार्कात टीम लीड आहे. अकरा जणांची टीम. कंपनीचं नाव सांगणार नाही, विचारूही नका. आज संध्याकाळी साडेपाचला वर बोलावलं, एक पाकीट हातात दिलं आणि कुठेही बोलणार नाही अशा कागदावर सही घेतली. पाकिटात चार नावं आणि पानभर स्क्रिप्ट. मंगळवारी सकाळी अकरापासून एकेकाला 'हरिश्चंद्रगडा'त बोलवायचं (आमच्या मीटिंग रूमना किल्ल्यांची नावं आहेत), शेजारी एचआरची मुलगी बसेल, मी स्क्रिप्ट वाचायची, लॅपटॉप आणि कार्ड घ्यायचं. माणशी पंधरा मिनिटं.

स्क्रिप्ट इंग्रजीत आहे. 'युअर रोल हॅज बीन इम्पॅक्टेड' अशी सुरुवात. तिसऱ्या ओळीनंतर कंसात सूचना आहे की इथे पाच सेकंद थांबावं. प्रश्न आला तर 'एचआर कळवेल' एवढंच म्हणावं. या चौघांशी मी रोज मराठीत बोलतो. एकाच्या बारशाला जेवलोय. त्यांना नारळ इंग्रजीत द्यायचा आणि मध्ये पाच सेकंद मोजायचे?

चौघांपैकी एक ४९ वर्षांचे आहेत, मी त्यांना सर म्हणतो कारण या कंपनीत काम मला त्यांनी शिकवलं. एक मुलगी आहे, पाच वर्षं होत आलीत. एकाच्या बायकोला सातवा महिना आहे आणि तो परवा रविवारी कासारवडवलीला वन बीएचकेचं टोकन द्यायला निघालाय. दोन लाख. चौथा सगळ्यात लहान.

मंगळवारपर्यंत मी यांच्याबरोबर चहा कसा प्यायचा, ते सांगा.

नौपाडेकर · शुक्रवार, रात्री ११:५८

अरेरे. वाईट वाटलं. धीर धर रे.

मिसळ_तिखट · शनिवार, रात्री १२:१०

हरिश्चंद्रगडात बोलवून कोकणकड्यावरून ढकलायचं. रूमची नावं ठेवणाऱ्याला भेटायला हवं.

अ‍ॅडमिन · शनिवार, सकाळी ७:०५

रूमचं खरं नाव मी बदललं आहे. मूळ धाग्यात आणखी दोन खुणा होत्या, त्याही काढल्या. इथले निम्मे सदस्य ऐरोली ते महापे पट्ट्यातच कामाला जातात, याचं भान सगळ्यांनी ठेवा. कोणी कंपनीचं नाव ओळखलं तर आपल्यापाशीच ठेवावं.

घणसोली_सेक्टर९ · शनिवार, सकाळी ८:२०

मी गेल्या वर्षी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. म्हणजे टेबल नव्हतंच. सकाळी दहाला कॉलचं निमंत्रण आलं, विषय 'महत्त्वाची माहिती'. जॉइन झाले तर दोनशेच्या वर माणसं, सगळ्यांचे माइक बंद, चॅट बंद. एक गृहस्थ चार मिनिटं बोलले. ते बोलत असतानाच माझा मेल बंद पडला. मला वाटलं नेट गेलं, म्हणून मी उठून राउटर बंद-चालू केला. परत येईपर्यंत कॉल संपला होता. मला काढलंय हे मला शेजारच्या टीममधल्या मैत्रिणीने फोन करून सांगितलं.

पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बढतीची पत्रं, सगळं त्या मेलमध्ये. पुढच्या कंपनीने तीन वर्षांच्या स्लिपा मागितल्या तेव्हा जुन्या एचआरला सतरा मेल केले. तेव्हा मंगळवारी आणखी काही जमलं नाही तरी या चौघांना स्वतःचे कागद उतरवून घ्यायला अर्धा तास मिळवून दे. फक्त स्वतःचे. क्लायंटची एक फाईल जरी गेली तर उलट त्यांच्याच गळ्याशी येईल.

आणि नंतर फोन कर. माझ्या लीडने तीन महिने फोन केला नाही. मग एक दिवस लिंक्डइनवर माझ्या 'काम शोधतेय'च्या पोस्टला अंगठा दाखवला.

घोडबंदर_ट्रॅफिक · शनिवार, सकाळी ९:०२

जगभर हेच चाललंय. बेटर डॉट कॉमच्या मालकाने डिसेंबर २०२१ मध्ये झूमवर ९०० जणांना एका दमात घरी पाठवलं. त्यावर कडी म्हणजे इंग्लंडातली पी अँड ओ फेरीज. मार्च २०२२ मध्ये सुमारे ८०० खलाशांना चक्क आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवला. नंतर त्यांच्या बॉसने संसदेच्या समितीपुढे कबूलही केलं की आधी सल्लामसलत करायचा कायदा आम्ही जाणूनबुजून मोडला. ट्विटरचं २०२२ मधलं तर सगळ्यांना माहीतच आहे, लॅपटॉप उघडला नाही की समजायचं.

त्यामानाने तुमच्याकडे माणूस समोर बसून वाचणार आहे. लक्झरी आहे राव.

गेटमीटिंग · शनिवार, सकाळी १०:४५

बाळा, आधी एक शब्द दुरुस्त करतो, मग मुद्द्याचं बोलतो. हल्ली तुम्ही सगळे या प्रकाराला ले-ऑफ म्हणता. मी ३१ वर्षं कळव्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात काढली, त्यातली १४ युनियनच्या कमिटीवर. आमच्याकडे ले-ऑफ म्हणजे काढून टाकणं नव्हतं. कच्चा माल आला नाही, वीज गेली, मशीन बंद पडलं, की कंपनी ले-ऑफ द्यायची. हजेरीपटावर नाव राहायचं, बेसिक आणि डीएच्या निम्मे पैसे मिळायचे, काम सुरू झालं की माणूस परत आपल्या मशीनवर. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तसंच लिहिलेलं होतं. माणूस कमी करण्याला शब्द होता 'कपात'. अमेरिकेतून तुमच्याकडे शब्द आला तो तिकडचाच अर्थ घेऊन आला.

कपातीची रीत होती. ज्या खात्यात माणसं कमी करायची त्या खात्याची सीनियॉरिटीची यादी सात दिवस आधी बोर्डावर लावायची. शेवटी आलेला पहिला जाणार. दुसऱ्या कोणाला काढायचं असेल तर मालकाने कारण लिहून ठेवायचं. ते सात दिवस मी पाहिलेत. जेवणाच्या सुट्टीत माणसं बोर्डापुढे उभी राहायची, आपलं नाव कितवं ते बोटाने मोजायची, आणि परत दुसऱ्या दिवशी येऊन मोजायची, जसं काही रात्रीतून बदलणार होतं. वाईट होतंच. पण उघड्यावर होतं. शिव्या द्यायला समोर माणूस होता, आणि जाणाऱ्याच्या शेजारी त्याच्या खात्यातले चाळीस जण उभे होते.

सगळं जुनं सोनं होतं असं म्हणत नाही. आमच्या शेजारच्या कारखान्यातली माणसं एका सोमवारी पहिल्या पाळीला आली तर गेटला टाळं. नोटीस गेटवर चिकटवलेली, तीही पावसाने भिजून अर्धी गळालेली. त्यातल्या कित्येकांना हिशोब मिळायला बारा-पंधरा वर्षं लागली, काहींच्या बायकांनी तो घेतला. १९८२ चा गिरणी संप संपला कधी हे अजून कोणाला सांगता येत नाही, कारण तो संपल्याचंही कोणी सांगितलं नाही.

आता तुझं. मराठीत सांग. तुझ्या त्या इंग्रजी वाक्यात कर्ता नाही. रोल इम्पॅक्ट झाला. कोणी केला? भूकंपाने? मराठीतलं सरकारी 'कमी करण्यात येत आहे' पण नको, ते त्याचंच भावंड आहे. 'कंपनी तुला कामावरून काढतेय' असं म्हण. माणसाला आपल्याला कोणी मारलं हे तरी कळू दे.

नौपाडेकर · शनिवार, सकाळी १०:५२

आबा, दंडवत.

बॅकऑफिस_वाली · शनिवार, दुपारी १२:३०

मी एचआरमध्ये आहे, सोळा वर्षं. इथे शिव्या पडणार माहीत आहे, तरी लिहिते.

स्क्रिप्ट का असते ते सांगते. स्क्रिप्ट नसते तेव्हा मॅनेजर घाबरून वाट्टेल ते बोलतात. 'काळजी करू नको, दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये बघतो मी' असं म्हणून मोकळे होतात. तो बिचारा महिनाभर त्या आशेवर दुसरीकडे अर्ज करत नाही. एका मॅनेजरने तर 'माझ्यासाठी हे किती अवघड आहे' म्हणून स्वतःच रडायला सुरुवात केली आणि ज्याची नोकरी गेली तो त्याला पाणी देत होता. आबा म्हणतात त्याप्रमाणे पहिल्या अर्ध्या मिनिटात स्पष्ट वाक्यात सांग. हवापाण्याच्या गप्पा नकोत. मग गप्प बस. ते पाच सेकंद हास्यास्पद वाटतात खरे, पण लिहिलं नाही तर माणसं शांततेला घाबरून बोलतच सुटतात.

मंगळवारही मुद्दाम असतो. शुक्रवारी सांगितलं की माणूस दोन दिवस घरात एकटा, बँक बंद, एचआर बंद, विचारायला कोणी नाही.

आता महत्त्वाचं, जे तुला तुमची एचआर सांगणार नाही. मंगळवारनंतर कागदावर काहीही बदलत नाही. तेव्हा सगळ्यांच्या मंजुऱ्या झालेल्या असतात, रक्कम ठरलेली असते, आणि एकाला वेगळं दिलं तर बाकीचे विचारतील या भीतीने कोणी हलत नाही. जे मिळवायचं ते सोमवारपर्यंत. आणि मागणारा तू असायला हवास, कारण त्या चौघांना तर अजून माहीतच नाही. टीम लीडने वर जाऊन 'या माणसाची ही अडचण आहे' म्हटलं तर अर्ध्या वेळा ते ऐकलं जातं. बहुतेक लीड मागतच नाहीत. त्यांना वाटतं पाकीट सीलबंद आहे.

चांगलं केल्याचं उदाहरण हवं असेल तर मे २०२० चं एअरबीएनबीचं. सुमारे १९०० जणांना काढलं, पण मालकाने पत्रात का, किती आणि कोणत्या निकषावर ते लिहिलं. अमेरिकेतल्यांना चौदा आठवड्यांचा पगार आणि वर नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवडा, वर्षभर आरोग्यविमा, लॅपटॉप ज्याचा त्याला. माणसं तिथूनही गेलीच, पण त्या पत्राला आजही कोणी हसत नाही.

कोर्टनाका · शनिवार, दुपारी १:१५

एक विचारतो. चौघांची सही कशावर घेणार आहेत? पाकीट परत उघडून बघ.

खाडीकाठचा · शनिवार, दुपारी १:४०

बघितलं. राजीनाम्याचा छापील नमुना आहे. 'वैयक्तिक कारणास्तव'. त्यासोबत दोन महिन्यांचा मूळ पगार 'सदिच्छा' म्हणून. शेवटचा दिवस मंगळवारच.

कोर्टनाका · शनिवार, दुपारी २:३०

वाटलंच होतं. म्हणजे तोंडाने म्हणायचं की कंपनीने पद रद्द केलं आणि कागदावर लिहून घ्यायचं की हाच स्वतःहून गेला. तुझ्या स्क्रिप्टच्या भाषेपेक्षा हे जास्त महाग पडतं, आणि पैसे देतो तो जाणारा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, लागू झाल्यात. औद्योगिक संबंध संहितेत कपातीच्या अटी जुन्या कायद्यासारख्याच आहेत. किमान वर्षभर सलग काम झालेल्या कामगाराला काढायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, वर पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. नवीन म्हणजे पुनर्कौशल्य निधी, त्यातून आणखी १५ दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवी. राजीनामा दिला की यातलं काहीही नाही. ज्याने नोकरी जाण्याचा विमा काढलाय त्याचाही दावा जातो, स्वतःहून सोडलेल्याला ते देत नाहीत.

लगेच कोणीतरी म्हणेल की आयटीवाले कामगार नाहीत. ते पदाच्या नावावर ठरत नाही, रोज प्रत्यक्ष काय करता त्यावर ठरतं. तांत्रिक आणि कारकुनी काम व्याख्येत बसतं, त्याला पगाराची मर्यादा नाही. व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर, आणि १८ हजारांच्या वर पगार असलेले सुपरवायझर बाहेर. कोड लिहिणारा 'असोसिएट मॅनेजर' निव्वळ व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर असू शकतो. तीनशे किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर सरकारची परवानगी, हे मात्र कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरतं आहे. तुमच्या काचेच्या इमारतीला ते लागू नाही.

वेतन संहिता मात्र सगळ्यांना, पगार कितीही असो. काढलं, कपात केली किंवा राजीनामा दिला, तरी देणं असलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत. 'फुल अँड फायनल ४५ दिवसांनी' हा कंपन्यांचा रिवाज होता, आता तो चालत नाही.

आणि त्या मुलीचे नेमके किती झाले? 'पाच वर्षं होत आली' म्हणजे?

खाडीकाठचा · शनिवार, दुपारी २:४४

चार वर्षं दहा महिने आणि थोडे दिवस. नोटीस पिरियड सगळ्यांचा दोन महिने.

कोर्टनाका · शनिवार, दुपारी ३:०५

मग तिचं सगळं एका तारखेवर आहे. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सुटताना झालेल्या वर्षांच्या हिशोबाने कंपनी देते त्या रकमेला, पाच वर्षं लागतात (ठरावीक मुदतीच्या करारावर असती तर नव्या संहितेत एक वर्ष पुरलं असतं). मंगळवार हाच शेवटचा दिवस दाखवून नोटिशीचा पगार हातात ठेवला तर ती चार वर्षं दहा महिन्यांवर थांबते. त्याऐवजी दोन महिने पटावर ठेवलं, घरी बसवलं तरी चालेल, तर पाच पूर्ण. कंपनीला नोटिशीचा पगार दोन्हीकडे तेवढाच. मूळ पगार समज ४० हजार असेल, तर ४० हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे साधारण १ लाख १५ हजार रुपयांचा फरक.

मद्रास उच्च न्यायालयाने पूर्वी असं धरलंय की चार वर्षांनंतर पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पाचवं वर्ष पूर्ण समजावं, आणि ते तिचे भरतात. पण सगळ्या कंपन्या ते मुकाट्याने मानत नाहीत आणि त्यासाठी तिने भांडत का बसावं? तारीख बदलून घे.

घोडबंदर_ट्रॅफिक · शनिवार, दुपारी ३:३०

वकीलसाहेब, कायद्याने बरोबर असेल पण मार्केट वेगळं आहे. पुढची कंपनी बॅकग्राउंड चेक करते तेव्हा 'टर्मिनेटेड' दिसलं की फाईल बाजूला. आमच्यात सगळे राजीनामाच देतात. पंधरा दिवसांच्या पगारासाठी करिअरवर डाग कोण लावून घेणार?

बॅकऑफिस_वाली · शनिवार, दुपारी ४:१०

दोन्ही साधतं. सेवासमाप्तीच्या पत्रात 'पद रद्द झाल्यामुळे' असं कारण लिहायचं. अनुभवाच्या पत्रात फक्त रुजू झाल्याची तारीख, शेवटची तारीख आणि हुद्दा, कारणच नाही. चेक करणाऱ्या एजन्सीला आम्ही तेवढंच कळवतो. शिवाय जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केल्यापासून 'पद रद्द झालं' या शब्दांनी कोणी दचकत नाही. आमच्याकडे मुलाखतीला येणारे स्वतःच पहिल्या मिनिटात सांगतात.

घोडबंदर_ट्रॅफिक · शनिवार, दुपारी ४:१५

हे माहीत नव्हतं. मी मागच्या वर्षी राजीनामा देऊन बसलो. सहा वर्षं झाली होती माझी.

गेटमीटिंग · शनिवार, दुपारी ४:२०

असू दे पोरा.

एमएच_०४ · शनिवार, संध्याकाळी ७:४८

माझ्या चार गाड्या तुमच्या पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांना लावलेल्या होत्या. कळवा, खारीगाव, दिवा, तिकडून माणसं उचलायची. आता दोन आहेत. तुमच्यातले चार-सहा कमी झाले की एक फेरी बंद होते. मला रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप आला, 'उद्यापासून गाडी नको'. एवढाच. ड्रायव्हरला मी सांगितलं फोनवरच, त्याला कुठला गड. हप्ता माझा चालूच.

तक्रार नाही करत. फक्त पॅन्ट्रीतली मावशी, गार्ड, गाडीवाला, यांची यादी कोणाच्याच पाकिटात नसते एवढं सांगायचं होतं.

मिसळ_तिखट · शनिवार, रात्री ८:००

आता मला पण जोक सुचत नाहीये.

घणसोली_सेक्टर९ · शनिवार, रात्री ९:१५

सगळं ठीक, पण तो मुलगा उद्या टोकन देणार आहे त्याचं काय? दोन लाख गेले की बिल्डर परत करतो असं आपल्यापैकी कोणी पाहिलंय का?

बॅकऑफिस_वाली · शनिवार, रात्री ९:३०

सही केलीय खाडीकाठच्याने गुप्ततेची. सांगितलं तर त्याचीच नोकरी जाईल. नियम म्हणून मी 'सांगू नको' असंच म्हणेन. माझ्या टीमला मी असंच सांगितलं असतं.

गेटमीटिंग · शनिवार, रात्री ९:३४

आणि घरी जाऊन झोपली असतीस?

बॅकऑफिस_वाली · शनिवार, रात्री ९:५१

नाही.

खाडीकाठचा · रविवार, सकाळी ८:१२

रात्री फोन केला. म्हटलं, टोकन या आठवड्यात देऊ नकोस, पुढच्या आठवड्यात बघ. का ते विचारू नकोस. तो 'बरं' म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, 'दादा, मंगळवारी आपली वन-ऑन-वन आहे ना?' मी 'हो' म्हटलं. त्याने फोन ठेवला.

सांगितलं की नाही सांगितलं, मला माहीत नाही.

खाडीकाठचा · सोमवार, रात्री १०:३०

आज दिवसभर तिसऱ्या मजल्यावर होतो. बॅकऑफिस ताई, तुमचं बरोबर होतं, पाकीट सीलबंद नव्हतं. मी मागायला गेलो तेव्हा समोरचे आधी चिडले, मग म्हणाले की एवढ्या वर्षांत कुणी लीड आलाच नव्हता.

मुलीची तारीख बदलली. दोन महिने पटावर, घरी. हे सगळ्यात सहज झालं, नोटिशीचा पगार दोन्हीकडे तेवढाच होता आणि ग्रॅच्युइटीचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. सातव्या महिन्यावाल्याचा विमा ग्रुप पॉलिसीच्या वर्षअखेरपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत चालू ठेवतायत. बाळंतपण त्यात बसेल. बाहेर नवी पॉलिसी काढली तर प्रसूतीला थांबण्याची मुदत लागते, ते मी काल रात्री वाचून काढलं होतं. राजीनाम्यावर बराच वेळ गेला. शेवटी दोन्ही कागद ठेवायचे, ज्याला जो हवा तो, असं ठरलं. 'पद रद्द' वाल्याला कायद्याचा हिशोब. दोन दिवसांत पगार देतो म्हणाले, लेखी नाही दिलं. गार्ड दारापर्यंत येणार नाही. कार्ड मात्र सव्वाअकराला बंदच होणार, त्यात काही हललं नाही.

मराठीचं विचारलं तर म्हणाले, अर्थ बदलू नका म्हणजे झालं.

कोर्टनाका · सोमवार, रात्री १०:४५

चांगलं केलंस. तारखेचं लेखी घे.

खाडीकाठचा · बुधवार, रात्री ९:२०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. काल झालं एकदाचं.

सर पहिले. मी म्हटलं, 'सर, कंपनी तुम्हाला कामावरून कमी करतेय. आजपासून.' पाच सेकंद मोजले नाहीत, पण त्याहून जास्त गेले. मग ते म्हणाले, 'मराठीत सांगितलंस ते बरं केलंस, घरी भाषांतर करावं लागणार नाही.' कागद दोन्ही शांतपणे वाचले, 'पद रद्द' वर सही केली, कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कार्डाची दोरी नीट गुंडाळून ठेवली. तेवढंच मला सारखं आठवतंय.

सातव्या महिन्यावाल्याला माहीतच होतं. आत येऊन बसला तो 'विमा?' एवढाच शब्द बोलला. विम्याचं सांगितल्यावर मग रडला. मुलीने तारखेचं पत्र मागितलं, एचआरने 'मेल येईल' म्हटलं, तिने 'मग मेल येईपर्यंत बसते' म्हटलं. ती चाळीस मिनिटं बसली आणि मेल घेऊनच उठली.

चौथ्याची मला काळजी नव्हती, लहान आहे, लागेल कुठेही. त्यानेच मला धरलं. 'कोणी निवडलं?' स्क्रिप्टमध्ये वाक्य तयार होतं, हा निर्णय तुमच्या कामगिरीवर आधारित नाही. पण यादी रेटिंगवरून निघाली होती आणि गेल्या एप्रिलमध्ये त्याला तीन, म्हणजे खालचा आकडा, मी दिला होता. टीममध्ये कोणालातरी तीन द्यायलाच लागतो, वरून तसं प्रमाण ठरवून येतं, म्हणून सगळ्यात नव्याला दिला. ते वाक्य मी वाचलं नाही. 'तुझं रेटिंग मी दिलं होतं' असं सांगितलं. एचआरच्या मुलीने माझ्याकडे बघितलं, मग खाली काहीतरी लिहिलं. तो दार न लावता निघून गेला. त्याला दोनदा फोन केला, उचलत नाही.

घणसोली_सेक्टर९ · बुधवार, रात्री ९:३८

उचलेल. नाही उचलला तरी करत राहा.

एमएच_०४ · बुधवार, रात्री ९:५०

चौघांपैकी कोणी कळव्याकडचं असेल आणि मुलाखतीला वेळेत पोचायचं असेल तर सांग. पैसे नको.

खाडीकाठचा · शनिवार, दुपारी १२:०५

एक राहिलं. मंगळवारी भोगी होती. सर दरवर्षी टीमसाठी भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणतात, वहिनी पहाटे उठून करतात. त्या दिवशीही आणल्या होत्या. पाच ताळी मोठा डबा, पॅन्ट्रीत ठेवलेला. सर सव्वाअकराला गेले, डबा राहिला. दीड वाजता आम्ही सात जण त्याच्याभोवती उभे. खायचं की नाही हेच कळेना. शेवटी मावशीच म्हणाल्या की भोगीचं अन्न टाकत नाहीत, आणि त्यांनीच वाढलं.

गुरुवारी सरांचा फोन आला, डबा माझ्या सासूबाईंचा आहे, तेवढा मिळाला तर बघ. कार्ड बंद, त्यांना आत येता येईना. डबा मी घरी आणला, घासला. रिकामा कसा द्यायचा म्हणून बायकोने तिळाचे लाडू भरले, पाचही ताळ्यांत.

आज सकाळी ऐरोली स्टेशनवर दिला. ठाण्याची गाडी येत होती. सर म्हणाले, 'एवढे कशाला?' मी काही बोललो नाही. त्यांनी एक ताळं उघडून लाडू काढला, अर्धा मला दिला.

कोर्टनाका · शनिवार, दुपारी १२:३०

पगार जमा झाला का चौघांचा?

खाडीकाठचा · शनिवार, दुपारी १२:३२

तिघांचा. मुलीचा महिनाअखेरीला, ती पटावर आहे म्हणून.